चार्जर लावला की लॅपटॉप हळू, काढला की सुसाट

आधी लक्षण नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. चार्जर लावलेला असताना माझा लॅपटॉप मुंगीच्या पावलाने चालायचा. टाईप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला वेळ, ब्राउजरचा टॅब बदलला की नुसता पांढरा पडदा, माऊस अडखळत अडखळत पुढे. आणि चार्जर काढला, म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर आला, की काही सेकंदात एकदम ताळ्यावर. उलटं व्हायला पाहिजे ना? बॅटरीवर लॅपटॉप जरा दम राखून चालतो, चार्जरवर पूर्ण जोरात पळतो, हे आपल्याला माहीत असतं. इथे उलटी गंगा वाहत होती.

जोडीला दुसरी तक्रार, बॅटरी चार्जच होत नव्हती. खाली कोपऱ्यात प्लगचं चिन्ह यायचं, म्हणजे वीज येतेय हे मशीनला कळत होतं, पण टक्का आहे तिथेच. ४१ तर ४१. रात्रभर लावून ठेवला तरी सकाळी ४१च. चिन्हावर माऊस नेला की प्लग लावलाय पण चार्जिंग होत नाहीये असा मेसेज.

हे कोणालाही सांगितलं की लोक त्याचे दोन तुकडे करायचे. हळू चालतोय? मग रॅम वाढव, एसएसडी टाक, नाहीतर सरळ फॉरमॅट मार. चार्ज होत नाही? मग बॅटरी गेली, नवीन घे. एका दुरुस्तीवाल्याने तर फोनवर, मशीन न बघता, "मॅडम, मदरबोर्डच असणार" असं सांगून टाकलं. मला यातलं काही पटत नव्हतं, कारण रॅम कमी पडत असती तर चार्जर काढल्यावर ती वाढली असती का? आणि विंडोजमध्ये कचरा झाला असता तर बॅटरीवर तो कुठे जायचा? दोन्ही तक्रारी एकाच दिवशी सुरू झाल्या होत्या आणि दोन्ही चार्जरशी जोडलेल्या होत्या, त्यामुळे आजार एकच आहे हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. प्रश्न एवढाच होता की तो सापडवायचा कसा.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे टास्क मॅनेजर (मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची विंडो) उघडून परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, क्लिक केलं. तिथे टक्क्याच्या शेजारी स्पीड म्हणून एक आकडा असतो, त्याकडे फारसं कोणी बघत नाही, पण असल्या वेळी खरी माहिती तोच देतो. माझ्या प्रोसेसरचा बेस स्पीड १.८ गिगाहर्ट्झ आहे आणि काम पडलं की तो तीनच्या वर जातो. चार्जर लावलेला असताना तिथे ०.३९ दिसत होतं. एखादा प्रोग्राम उघडला, दोन उघडले, व्हिडिओ लावला, तरी ०.३९. मग ती विंडो डोळ्यासमोर ठेवून मी हळूच चार्जरची पिन उपसली. दोन सेकंद काही नाही, आणि मग ०.३९ चे १.७, २.४, ३.१. परत पिन घातली, परत ०.३९ वर आपटला. हे असं चार-पाचदा करून बघितलं, दरवेळी तेच. त्या क्षणी फॉरमॅट आणि रॅम हे दोन्ही विषय माझ्यासाठी संपले.

प्रोसेसर गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो, हे एक कारण असू शकतं, म्हणून तेही तपासलं. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की तो स्वतःला आवरतो. पण माझं मशीन तर गार होतं, पंखा फिरतोय की नाही हे कान लावून ऐकावं लागत होतं. एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान पन्नाशीच्याही खाली दिसलं. म्हणजे उष्णता नाही.

माझा मावसभाऊ इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, त्याला हे आकडे पाठवले. त्याचं पहिलंच वाक्य, "ताई, प्रोसेसर स्वतःहून हळू होत नाहीये, त्याला बाहेरून कोणीतरी दाबून ठेवतंय." त्याने समजावलं ते असं, की प्रोसेसरला प्रोचॉट नावाची एक सिग्नलची तार असते. मूळ हेतू असा की प्रोसेसर फार तापला की त्या तारेवरून कळतं. पण ती दोन्ही बाजूंनी चालते, बोर्डावरचा दुसरा कुठलाही भाग, म्हणजे पॉवर सांभाळणारी चिप वगैरे, तीच तार ओढून प्रोसेसरला "थांब, वेग कमी कर" असं सांगू शकते. मग प्रोसेसर गार असला तरी सगळ्यात खालच्या वेगावर जाऊन बसतो. आणि हे जर फक्त चार्जर लावल्यावरच होत असेल तर बोर्डाला चार्जरबद्दल काहीतरी खटकतंय.

हे ऐकून खूप बरं वाटलं, कारण शोध कुठल्या दिशेने घ्यायचा ते कळलं. तरी जे फुकटात करता येतं ते आधी करून मोकळं व्हावं म्हणून नेहमीचे उपाय केले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज या भागात एसीपीआय बॅटरीची एंट्री असते, ती अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं (घाबरू नका, विंडोज ती परत आपोआप टाकतं). फरक नाही. पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. याने बोर्डावरच्या कंट्रोलरमध्ये काही अडकलं असेल तर ते मोकळं होतं आणि बऱ्याच लोकांचं काम खरंच एवढ्यावर होतं. माझं झालं नाही. पॉवर मोड बदलून बघितला, तोही तसाच.

मग बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारं मशीनचं स्वतःचं सेटिंग) गेले, आणि तिथे उत्तर लिहूनच ठेवलेलं होतं! बॅटरीची माहिती असते त्या पानावर अॅडॅप्टरच्या पुढे एरवी वॉट दिसतात, ६५ वॉट, ९० वॉट असं. माझ्याकडे तिथे अननोन. म्हणजे चार्जर लागलाय, वीज येतेय, पण हा कोण आणि किती वॉटचा हे लॅपटॉपला ओळखू येत नाहीये.

इथे जरा थांबून सांगते कारण हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. गोल पिनवाल्या बऱ्याच चार्जरमध्ये तारा दोन नसतात, तीन असतात. पिनचं बाहेरचं कडं आणि आतलं कडं यांच्यातून वीज जाते, आणि मधोमध जी सुईसारखी बारीक पिन दिसते ती विजेसाठी नसून ओळखीसाठी असते. काही कंपन्यांच्या चार्जरच्या ठोकळ्यात एक इवलीशी मेमरी चिप असते, तिच्यात चार्जर किती वॉटचा ते लिहिलेलं असतं, आणि लॅपटॉप त्या मधल्या पिनवरून ते वाचतो. वाचता आलं नाही तर? लॅपटॉपच्या दृष्टीने समोर अनोळखी चार्जर आहे, तो ४५ वॉटचा असेल की ९०चा, माहीत नाही. जास्त वीज ओढली आणि बिचारा चार्जर जळाला तर? म्हणून तो सगळ्यात सुरक्षित मार्ग घेतो, बॅटरी चार्ज करणं बंद, कारण त्याला भरपूर वॉट लागतात, आणि प्रोसेसर एकदम खालच्या वेगावर, म्हणजे एकूण ओढ कमीत कमी. चार्जर काढला की वीज बॅटरीतून येते, बॅटरी त्याच्या ओळखीची, मग बंधन उठलं आणि मशीन सुसाट. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

भाऊ मल्टिमीटर घेऊन आला. दोन कड्यांमध्ये मोजलं तर १९.५ व्होल्ट, अगदी जेवढे चार्जरवर छापलेत तेवढेच. दुसऱ्या कुणी इथेच चार्जर ठीक आहे म्हणून शिक्का मारला असता. पण भाऊ म्हणाला वीज येतेच आहे गं, ओळख येत नाहीये. मग त्याने चार्जर लॅपटॉपला लावला, टास्क मॅनेजर उघडा ठेवला, आणि पिनच्या मागे जिथे वायर रबरी नळीतून बाहेर येते ती जागा दोन बोटांत धरून अगदी सावकाश वाकवायला लागला. डावीकडे, काही नाही. वर, काही नाही. खाली उजवीकडे थोडा पीळ देऊन धरली आणि स्क्रीनवर ०.३९ चे २.६ झाले, कोपऱ्यातलं चिन्ह बदललं, ४१ टक्के आणि चार्जिंग! मी ओरडलेच. बोट किंचित सैल केलं की परत गेलं. आतली ओळखीची तार, केसासारखी बारीक असते ती, रोज वायर गुंडाळून गुंडाळून त्या मानेपाशी तुटली होती आणि तुटलेली दोन टोकं त्या एकाच कोनात एकमेकांना टेकत होती. जाड तारा दोन्ही शाबूत, म्हणून वीज व्यवस्थित येत होती.

खात्रीसाठी शेजारणीच्या मुलाचा त्याच कंपनीचा, त्याच पिनचा चार्जर पाच मिनिटं लावून बघितला. बायोसमध्ये ६५ वॉट, चार्जिंग चालू, वेग नॉर्मल. मदरबोर्डही ठणठणीत आणि लॅपटॉपमधलं पिनचं सॉकेटही. असा दुसरा चार्जर लावून बघणं हीच खरं तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची तपासणी आहे, आणि दुरुस्तीवाल्याकडे मशीन सोडायच्या आधी प्रत्येकाने ती करावी असं मला मनापासून वाटतं.

नवीन चार्जर घेताना बघायचं ते एवढंच, व्होल्ट तंतोतंत तेच हवेत आणि वॉट तेवढेच किंवा जास्त. जास्त वॉटने काही बिघडत नाही, लॅपटॉप त्याला लागेल तेवढंच ओढतो. कमी वॉटचा घेतला तर मात्र पुन्हा तीच गत, चार्जिंग रडतखडत किंवा अजिबात नाही, आणि काही मशीन वेगही कमी करतात. आणि स्वस्तातले काही चार्जर ओळखीच्या चिपचं काम नीट करत नाहीत, पिन बसते, वीज येते, आणि अननोन ते अननोनच. म्हणून मी ओरिजिनलच घेतला. वायर आता घट्ट गुंडाळत नाही, मोठे सैल वेढे घेते आणि पिनच्या मानेला अजिबात पीळ देत नाही.

इथे गोष्ट संपली असं वाटलं होतं, पण चार्जिंग सुरू झाल्यावर बॅटरीचं स्वतःचं दुखणं वर आलं. १०० टक्के भरायची, पण तासाभरात ३० वर, आणि ३० वरून कधी कधी थेट बंद. काही सूचना नाही, वॉर्निंग नाही, पटकन काळोख.

मग विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही कमांड, पुढे जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट, एंटर मारला की एक फाईल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. ब्राउजरमध्ये उघडायची. त्यात डिझाईन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती वीज मावायची, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावते. माझी डिझाईन होती ४२,००० मिलीवॉट-तास आणि आत्ताची २३,००० च्या आसपास. म्हणजे स्क्रीनवर जे १०० टक्के दिसत होते ते मूळच्या जेमतेम पंचावन्न टक्क्यांचे शंभर. लिनक्सवाल्यांना हेच आकडे सिस्टीमच्या पॉवर सप्लायच्या फोल्डरमध्ये बॅटरीच्या नावाखाली मिळतात. त्या रिपोर्टमध्ये खाली कपॅसिटी हिस्टरी पण असते, आठवड्या-आठवड्याने किती मावत होती ते, आणि तिथे दिसलं की घसरण आधीपासून चालूच होती, फक्त मशीन कायम चार्जरवर असल्यामुळे जाणवत नव्हती.

३० वरून थेट बंद का, तर बॅटरीतली चिप आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याचा हिशेब ठेवते आणि त्यावरून टक्का सांगते. सेल म्हातारे झाले की तो हिशेब चुकत जातो, चिप म्हणते ३० शिल्लक, प्रत्यक्षात एखाद्या सेलचं व्होल्टेज तळाला गेलेलं असतं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. यावर कॅलिब्रेशन म्हणून एक उपाय असतो, एकदा पूर्ण भरायची, मग सलग वापरून बंद होईपर्यंत उतरवायची, मग न थांबता पुन्हा पूर्ण भरायची. ते केलं. टक्के जरा खरे दाखवायला लागले, एवढाच फायदा, मावणारी वीज काही वाढली नाही, वाढतही नसते. आणि हे सारखं सारखं करू नका. बॅटरी दरवेळी शून्यावर न्यावी हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे, आताच्या लिथियम-आयनला (ज्या १९९१ पासून बाजारात आल्या) पूर्ण रिकामं होणं उलट त्रासाचं जातं.

बॅटरी अजून थोडे दिवस ओढावी असा विचार होता, पण एके दिवशी टचपॅड क्लिक होईना. दाबला की आत जायचाच नाही, खाली काहीतरी टणक लागल्यासारखा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला तर एक कोपरा अधांतरी, बोटाने दाबला की डुगडुगायचा. टचपॅडचं काही बिघडलेलं नव्हतं, त्याच्या खाली बॅटरी असते आणि ती फुगली होती. लगेच शटडाऊन केला, चार्जर काढला, आणि भाऊ येईपर्यंत हात लावला नाही. त्याने खालचं झाकण उघडलं तर तीनपैकी मधला सेल उशीसारखा टम्म, वरचं चंदेरी आवरण ताणून गुळगुळीत झालेलं. आत रसायनं विघटित होऊन वायू साठतो म्हणून असं होतं. हे मी अगदी कळकळीने सांगते, फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचून हवा काढायचा विचारही मनात आणू नका, सरळ आग लागते. चिकटवलेली असेल तर धातूच्या स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जाणत्या माणसाकडून काढून घ्या. आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ती ई-कचऱ्यातच द्यायची.

नवीन बॅटरी बसवल्यावर पहिलं काम पुन्हा तोच रिपोर्ट. फुल चार्ज कपॅसिटी डिझाईनच्या जवळपास हवी. नवीन म्हणून विकलेली बॅटरी सुरुवातीलाच बरीच खाली दिसली तर ती कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली किंवा वापरलेली असू शकते, तेव्हाच परत करावी. माझी व्यवस्थित निघाली.

दुसरं काम, बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावली. माझं मशीन बहुतेक वेळ टेबलावर चार्जरलाच असतं, आणि लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेलं राहणं आणि तापणं या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या की ती फार लवकर म्हातारी होते. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये साधारण ४.२ व्होल्ट असतात, त्या ताणाखाली दिवसरात्र ठेवण्यापेक्षा थोडं खाली ठेवलेलं बरं. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढते, एरवी ८०. आता ही सोय बऱ्याच कंपन्यांनी दिलेली आहे, कुठे बायोसमध्ये, कुठे कंपनीच्या अॅपमध्ये, आणि काही मशीन तर ती न विचारता स्वतःहून चालू करतात. त्यामुळे तुमचा लॅपटॉप बरोबर ६० किंवा ८० वर अडत असेल आणि बाकी काही त्रास नसेल तर आधी ते सेटिंग बघा, बॅटरीला दोष देऊ नका. माझ्यासारखा ४१ वर, ६७ वर, कुठेही अडत असेल तर मात्र भानगड आहे.

झाकण उघडलंच होतं म्हणून पंख्यातली धूळ पण काढून घेतली, त्याने आवाज कमी झाला.

हे सगळं झाल्यावर काकूने तिचा लॅपटॉप दाखवला. तिचा टाईप-सीवाला, त्यामुळे मधली पिन वगैरे प्रकरण नाही, पण तक्रार तशीच, चार्जर लावूनही मोठं काम करताना टक्का उतरतो आणि स्लो चार्जरचा मेसेज येतो. टाईप-सीमध्ये चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलतात, किती व्होल्ट, किती अँपिअर ते ठरवतात, मगच मोठी वीज सुरू होते, आणि या बोलण्यात केबलचाही सहभाग असतो. साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट, त्याच्या वर नाही. ५ अँपिअर न्यायचे तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. काकूचा चार्जर १०० वॉटचा होता, लॅपटॉपला ९० हवे होते, आणि मधली केबल कुठल्याशा फोनसोबत आलेली. तिची मूळ केबल ड्रॉवरमध्ये सापडली, ती लावली, मेसेज गेला, आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट करतानाही टक्का वर चढत राहिला.